लॅक्रॉस खेळणाऱ्या मुलाचं कॉलेज: आई-बाबांसाठी पहिल्यापासून

मेरीलँड, व्हर्जिनिया, न्यू जर्सी या पट्ट्यातल्या मराठी घरांत हल्ली टोकाला जाळी लावलेली एक काठी दिसायला लागली आहे. पाचवी-सहावीत मित्रांचं बघून मुलगा किंवा मुलगी लॅक्रॉस खेळायला लागते, आठवीत क्लब टीममध्ये जाते आणि नववीत मैदानाच्या कडेला कुणीतरी म्हणून जातं, "ही कॉलेजला नक्की खेळेल." तिथून घरात गोंधळ सुरू होतो. आपल्याला जेईई कळते, एसएटीचे क्लास कळतात, क्रिकेट तर रक्तातच असतं. पण खेळाच्या बाजूने कॉलेजात जाणं म्हणजे नेमकं काय, हे विचारायला घरात काका-मामा कुणी नसतो.

मी मेरीलँडमधल्या एका शाळेत लॅक्रॉसचा मदतनीस कोच आहे. आमचे हेड कोच आयुष्यभर हेच करत आलेत: मुलांना खेळवायचं आणि मग कॉलेजात पोचवायचं. पुढे लिहिलेलं बरंचसं त्यांच्या खोलीत बसून ऐकलेलं, बघितलेलं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. कॉलेजचा कोच प्रवेश देत नाही. तो अ‍ॅडमिशन ऑफिसकडे नाव पुढे करतो, आणि निर्णय तिथले लोक घेतात. त्यामुळे कोचला मुलगा कितीही आवडला तरी मार्क त्या कॉलेजच्या पट्टीत बसत नसतील तर कोचचे हात बांधलेले असतात. आमचे हेड कोच म्हणूनच व्हिडिओ बघायच्या आधी ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेची गुणपत्रिका, मागतात. पालकांना हे विचित्र वाटतं, कारण ते फोनवर गोलांचे क्लिप काढून तयारच बसलेले असतात.

नकाशा समजून घ्या

कॉलेज-खेळांचा बराचसा कारभार एनसीएए ही संस्था बघते, आणि तिच्यात तीन डिव्हिजन आहेत.

डिव्हिजन १ मध्ये मेरीलँड, व्हर्जिनिया, सिरॅक्यूज, नोत्र दाम अशी टीव्हीवर दिसणारी नावं येतात. मुलांच्या टीम ७५ च्या आसपास, मुलींच्या १२० हून जास्त. मुलींच्या जास्त असण्यामागे १९७२ चा टायटल नाइन कायदा आहे, जो शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी असा भेदभाव करू देत नाही. अमेरिकन फुटबॉलच्या अवाढव्य टीममुळे मुलांकडे झुकलेलं पारडं सावरायला कॉलेजं मुलींचे इतर खेळ सुरू करतात. घरात मुलगी खेळत असेल तर दारं थोडी जास्त आहेत.

आयव्ही लीग, म्हणजे हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ नामांकित विद्यापीठं, हीही डिव्हिजन १ मध्येच मोडते. कोलंबियात मुलांची टीम नाही, बाकी सातही ठिकाणी आहे. मुलींची आठही ठिकाणी आहे. मात्र आयव्हीत खेळासाठी एक डॉलरही मिळत नाही. मिळते ती घरची आर्थिक परिस्थिती बघून मिळणारी मदत.

डिव्हिजन २ मध्ये बहुतेक लहान कॉलेजं आहेत आणि तिथे थोडीफार खेळाची शिष्यवृत्ती असते.

डिव्हिजन ३ वर मात्र थांबायला हवं, कारण 'थ्री म्हणजे तिसरा दर्जा' हा समज आपल्या लोकांत घट्ट बसलाय. एमआयटी डिव्हिजन ३ मध्ये खेळते. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, मिडलबरी, टफ्ट्स सगळी तिथेच. मुलांच्या २०० हून जास्त टीम इथे आहेत, आणि वरच्या फळीतल्या टीमचा खेळ बघितलात तर डिव्हिजनचा आकडा विसरून जाल. खेळाची शिष्यवृत्ती इथे अजिबात नाही, पण अभ्यासात बऱ्या असलेल्या मराठी मुलासाठी खरी संधी बहुतेक वेळा इथेच असते. जॉन्स हॉपकिन्सचं तर आणखी वेगळं: बाकीचे खेळ डिव्हिजन ३ मध्ये आणि लॅक्रॉस तेवढा १ मध्ये. बाल्टिमोरला लॅक्रॉसचं वेड किती आहे ते यावरून कळेल.

कॅलिफोर्नियातल्या घरांसाठी एक सूचना. पश्चिम किनाऱ्यावर मुलांसाठी डिव्हिजन १ ची टीमच नाही. डेन्व्हर, युटा किंवा कोलोरॅडोतली एअर फोर्स अकादमी इथपर्यंत यावं लागतं. मुलींना स्टॅनफर्ड, बर्कली, यूएससी आहेत. यूसीएलए, टेक्सस अशा मोठ्या विद्यापीठांत मुलं विद्यापीठाच्या अधिकृत टीमऐवजी तिथल्या क्लब टीममधून खेळतात. त्यांच्या प्रवेशात कोचचा हात नसतो, पण खेळ मनासारखा होतो.

पैशाचं स्वप्न आधीच छाटून घ्या

'लॅक्रॉसवर फुकट शिक्षण' हे बाजारात तुरी असल्यासारखं आहे. २०२५ पर्यंत डिव्हिजन १ च्या मुलांच्या टीमला जास्तीत जास्त १२.६ शिष्यवृत्त्या देता येत, मुलींच्या टीमला १२. रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, मुलं पंचेचाळीस-पन्नास, म्हणजे डोक्यामागे जेमतेम पाव शिष्यवृत्ती. जून २०२५ मध्ये कॉलेज-खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या एका मोठ्या खटल्यात तडजोड मंजूर झाली आणि चित्र बदललं. तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांना आता शिष्यवृत्तीच्या संख्येची मर्यादा नाही, पण रोस्टरला आहे: मुलांच्या टीममध्ये ४८, मुलींच्या ३८. ऐकायला हे छान वाटतं. प्रत्यक्षात कॉलेजं फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे पैसा वळवतात, आणि रोस्टर आखडल्यामुळे शेवटच्या पाच-सात जागांवर जे मेहनती पण कच्चे खेळाडू घेतले जायचे, त्यांचीच जागा गेली. आयव्ही या तडजोडीत सामील झालेली नाही.

आता क्लब टीमची फी, प्रवास, हॉटेलं, हेल्मेट-ग्लोव्ह्ज यांची बेरीज करून बघा. दरवर्षी काही हजार डॉलर जातात. हा खर्च शिष्यवृत्तीतून वसूल होईल या हिशेबाने करू नका. मुलाला खेळायला आवडतं म्हणून झेपेल तेवढा करा.

मग खेळाने मिळतं काय? प्रवेशात हात मिळतो, आणि तो हात लहानसहान नसतो. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवर जो खटला चालला, त्यातल्या आकडेवारीत कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळाल्याचं दिसलं. बाकीच्या अर्जदारांचं प्रमाण एक आकडी होतं. अर्थात, कोच निवडतो तेव्हा मार्कांची चाळणी आधीच लावलेली असते, हे त्या ८६ मध्ये धरलेलंच आहे.

नववीपासून: ट्रान्सक्रिप्ट

डिव्हिजन १ आणि २ मध्ये खेळायला एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरची, म्हणजे खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या विभागाची, मान्यता लागते. शाळेत १६ कोअर कोर्स, म्हणजे मुख्य विषयांचे कोर्स, पूर्ण हवेत. डिव्हिजन १ साठी त्यांची वाटणी अशी: ४ वर्षं इंग्रजी, ३ वर्षं गणित (अल्जेब्रा १ किंवा त्यावरचं), २ वर्षं विज्ञान, २ सोशल सायन्स, आणि बाकीचे याच विषयांतले किंवा परकीय भाषेसारखे. डिव्हिजन १ ला कोअर विषयांत किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुण), डिव्हिजन २ ला २.२. डिव्हिजन १ साठी यातले १० कोर्स बारावी सुरू व्हायच्या आत उरकलेले हवेत, आणि त्यांतले ७ इंग्रजी-गणित-विज्ञानाचे. एसएटी-एसीटीची अट एनसीएएने २०२३ मध्ये काढून टाकली.

आपली मुलं इथे सहसा अडकत नाहीत. २.३ म्हटल्यावर आई-बाबांना हसू येतं. पण हा आकडा खेळायची परवानगी मिळण्यापुरता आहे. प्रवेशाची पट्टी कॉलेजागणिक त्याच्या कितीतरी वर असते. शिवाय डार्टमथ, हार्वर्ड, एमआयटी यांनी एसएटी-एसीटी पुन्हा मागायला सुरुवात केली आहे, त्यामुळे 'एनसीएएला लागत नाही' म्हणून परीक्षा टाळू नका. मुलगा अकरावीत असताना हिवाळ्यापर्यंत एक चांगला स्कोअर हातात असला की कोचशी बोलणं सोपं जातं. स्प्रिंगमध्ये सीझन असतो आणि तेव्हा अभ्यासाला वेळ काढणं जिवावर येतं.

शाळेच्या काउन्सेलरला नववीतच भेटा आणि एनसीएएच्या यादीत शाळेचे कोणते कोर्स धरले जातात ते विचारून घ्या. कोर्सचं नाव भारदस्त असलं म्हणून तो यादीत असतोच असं नाही.

१ सप्टेंबरची रात्र

पूर्वी आठवी-नववीतल्या पोरांना कॉलेजचे कोच तोंडी जागा देऊन मोकळे व्हायचे. ज्याला अजून मिशी फुटलेली नाही त्याने कॉलेज ठरवायचं! एप्रिल २०१७ मध्ये हे थांबलं. तेव्हापासून डिव्हिजन १ च्या लॅक्रॉस कोचला मूल अकरावीत गेल्यावर येणाऱ्या १ सप्टेंबरपर्यंत त्याच्याशी बोलता येत नाही, मग मुलाने स्वतःहून फोन केला तरी. डिव्हिजन २ ला दहावी संपल्यावरची १५ जून ही तारीख आहे. डिव्हिजन ३ चे नियम सैल आहेत, पण तिथली खरी धावपळ अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात असते.

३१ ऑगस्टच्या रात्री बाराचा ठोका पडला की वरच्या खेळाडूंचे फोन खणखणायला लागतात. काही मुलं त्या रात्री झोपतच नाहीत. तुमच्या मुलाचा फोन नाही वाजला तर? बहुतेकांचा नाही वाजत. त्या रात्रीचे फोन प्रत्येक कॉलेजच्या यादीतल्या पहिल्या दहा-पंधरा नावांना जातात. त्याच महिन्यात त्यातली निम्मी नावं दुसरीकडे वळतात आणि मग यादी खाली सरकते. सकाळी उठून मुलाच्या चेहऱ्याकडे बघत "काही आलं का रे?" असं विचारू नका. आलं तर तो सांगेल.

व्हिडिओ आणि ईमेल

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे. पहिल्या अर्ध्या मिनिटातच सगळ्यात चांगला खेळ टाका, कारण कोच तेवढंच बघून पुढे बघायचं की नाही ते ठरवतो. प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला मुलाभोवती वर्तुळ किंवा त्याच्याकडे बाण हवा. मागे गाणं नको. नुसते गोल नकोत. ग्राउंड बॉल (जमिनीवर पडलेला चेंडू) उचलणं, चेंडू बचावातून वर नेणं, गोल झाल्यावर परत धावत येणं, डाव्या हाताने पास, हे सगळं दिसू द्या. डिफेन्समधल्या मुलाचं पायाचं काम दिसलं पाहिजे. गोलकीपरचे हुकलेले शॉटही थोडे राहू द्या, कोचना त्यावरूनच जास्त कळतं.

ईमेल मुलाने लिहायचा. हा मुद्दा मी लाल अक्षरात लिहिला असता. वडिलांनी लिहिलेला ईमेल पहिल्या दोन वाक्यांत ओळखू येतो, कारण सोळा वर्षांचं पोर 'विनम्रपणे नमूद करू इच्छितो' असं लिहीत नाही. विषयाच्या ओळीत सगळं मावलं पाहिजे, उदाहरणार्थ: '२०२८, लाँग-स्टिक मिडफिल्ड, जीपीए ३.८, एलिकॉट सिटी, मेरीलँड'. इथे २०२८ म्हणजे शाळा संपण्याचं वर्ष, आणि लाँग-स्टिक मिडफिल्ड म्हणजे मैदानावरची जागा, अर्थात पोझिशन. आत चार-पाच वाक्यं: हेच कॉलेज का (खरं कारण, वेबसाइटवरून उचललेलं नको), व्हिडिओची लिंक, उन्हाळ्यात कुठे कुठे खेळणार, जर्सी नंबर, आणि शाळेच्या व क्लबच्या कोचचा फोन. १ सप्टेंबरच्या आधी पाठवला तर डिव्हिजन १ मधून उत्तर येणार नाही, फार तर कॅम्पचं पत्रक किंवा माहितीचा फॉर्म येईल. पण ईमेल वाचला जातो आणि यादीत नोंद होते.

किती कॉलेजांना पाठवायचा? आमचे हेड कोच मुलाला समोर बसवून तीन गट करतात: पोचायला कठीण, जमण्यासारखं, नक्की जमेल असं. मधला गट सगळ्यात मोठा हवा. शाळेच्या कोचला सरळ विचारा, "माझ्या मुलाची पातळी कुठली?" उत्तर कडू लागेल, पण महिन्याला पैसे घेणारा सल्लागार ते कधीच देणार नाही.

सल्लागारांबद्दल इथेच सांगतो. 'खेळाच्या दारातून प्रवेश करून देतो' असं कुणी म्हणालं तर चहा पाजून निरोप द्या. २०१९ मध्ये अमेरिकेत हेच प्रकरण उघडकीला आलं: कधी मैदानावर न उतरलेली मुलं खेळाडू म्हणून दाखवली होती, कोचना लाच दिली होती. त्यात पालक तुरुंगात गेले.

उन्हाळ्यातल्या टूर्नामेंट

जुलैचं ऊन, टर्फ तापलेलं, एकाच वेळी सहा-सात मॅच चालू. कॉलेजचे कोच फोल्डिंग खुर्च्या टाकून बसलेले असतात, हातात रोस्टर, टोपीवर कॉलेजचं नाव. एका मैदानावर ते दहा मिनिटं थांबतात आणि खुर्ची उचलून दुसरीकडे जातात. त्या दहा मिनिटांत तुमच्या मुलाकडे चेंडू येईलच असं नाही. मग ते बघतात काय? चेंडू हातातून गेल्यावर मुलगा उलटा फिरून धावतो की काठी आपटतो. ग्राउंड बॉलला गुडघ्यातून वाकतो की उभ्या उभ्या काठी पुढे करतो. बाहेर काढल्यावर बेंचवर तोंड पाडून बसतो की पाणी पिऊन पुन्हा ओरडायला लागतो. आणि कडेला उभे असलेले त्याचे आई-बाबा रेफरीला काय बोलतायत, हेही. हे शेवटचं ते खरंच लिहून ठेवतात. मराठीतून ओरडलं तरी सूर कळतो.

कोच शेजारून गेला आणि ओळख न दाखवता पुढे गेला तर राग मानू नका. बहुतेक वेळा तो नियम पाळत असतो.

'प्रॉस्पेक्ट डे'ची, म्हणजे फी भरून कॉलेजच्या कोचसमोर खेळून दाखवायच्या दिवसाची, आमंत्रणं ढिगाने येतील. त्यातली बरीचशी फी जमवायला पाठवलेली असतात. कोचने ईमेलमध्ये मुलाच्या खेळातली एखादी विशिष्ट गोष्ट लिहिली असेल, किंवा ते कॉलेज खरंच मधल्या गटात असेल, तरच जा.

फोनवर काय विचारायचं

फोन मुलाने घ्यायचा, दार लावून. तुम्ही बाहेर. विचारायचे प्रश्न असे: माझ्या वर्षात माझ्या पोझिशनला किती जणांना घेणार आहात? तुमच्या यादीत मी कुठे आहे? माझे मार्क अ‍ॅडमिशन ऑफिसला दाखवून बघाल का? इंजिनिअरिंगला जायचं असेल तर आणखी एक: टीममध्ये इंजिनिअरिंगची किती मुलं आहेत, आणि लॅब व प्रॅक्टिस एका वेळी आली तर काय होतं? सीझन फेब्रुवारी ते मे असतो. 'आमच्याकडे सगळं जमतं' एवढंच उत्तर आलं तर टीममधल्या एखाद्या विद्यार्थ्याशी बोलायला मागा.

कोचने तोंडी जागा दिली तर आनंद साजरा करा, पण ती दोन्ही बाजूंना बंधनकारक नसते. पूर्वी सही व्हायची ते नॅशनल लेटर ऑफ इंटेंटही २०२४ मध्ये बंद झालं. आता सही होते ती कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या करारावर. हो म्हणण्याआधी मुलाला एकच विचारा: पहिल्याच महिन्यात गुडघा गेला आणि खेळ सुटला, तर या कॉलेजात चार वर्षं राहशील का?

प्री-रीड आणि अर्ली डिसिजन

अकरावी संपल्यावर जुलैमध्ये आयव्हीचे आणि डिव्हिजन ३ च्या चांगल्या कॉलेजांचे कोच ट्रान्सक्रिप्ट, स्कोअर, बारावीचे विषय मागून घेतात आणि अ‍ॅडमिशन ऑफिसकडे पाठवतात. याला प्री-रीड म्हणतात. उत्तर 'ठीक आहे', 'अवघड आहे' किंवा 'नाही' असं येतं. 'ठीक आहे' आलं की कोच बहुधा म्हणतो, "अर्ली डिसिजनने अर्ज कर, मी तुला पाठिंबा देईन." इथे शब्द तपासून घ्यायला हवेत. 'पाठिंबा देईन', 'तू आमच्या यादीत आहेस' आणि 'तू आला तर आवडेल' या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. तिसऱ्यात काहीच नाही. मुलाने विचारावं, "गेल्या काही वर्षांत तुमचा पूर्ण पाठिंबा असलेल्या मुलांपैकी किती जणांना नकार आला?" चांगला कोच सरळ उत्तर देतो.

अर्ली डिसिजन बंधनकारक असतं: प्रवेश मिळाला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. अर्ज १ किंवा १५ नोव्हेंबरपर्यंत, उत्तर डिसेंबरच्या मध्यावर. त्यामुळे पैशाचं आधी बघा. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता घरातून किती पैसे जातील याचा अंदाज देणारा. तो दोघांनी बसून, उत्पन्न आणि घराची किंमत खरी खरी भरून करा. दोन पगारांच्या मराठी घरांना बऱ्याचदा मदत शून्य येते. ते ऑक्टोबरमध्ये कळलेलं बरं, डिसेंबरमध्ये नको.

व्हिसावर असाल तर

हे इतर पालकांच्या गप्पांत कधी येत नाही, म्हणून वेगळं लिहितो. मूल एच-४ वर (एच-१बीवर काम करणाऱ्या पालकाच्या कुटुंबाला मिळणारा व्हिसा) असेल तर सरकारी आर्थिक मदत मिळत नाही, आणि बरीच कॉलेजं परदेशी अर्जदाराला पैसे लागतात का हे प्रवेश देताना बघतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, अ‍ॅमहर्स्ट अशी थोडी तसं बघत नाहीत. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, म्हणजे कॉलेजच्या मधेच एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) करावा लागू शकतो. आर्मी, नेव्ही, एअर फोर्स या लष्करी कॉलेजांचे कोच पत्र पाठवतील. त्यांच्या टीम उत्तम आहेत, पण तिथे साधारणपणे अमेरिकन नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड चालत नाही. आणि नाव-चेहरा वापरून जाहिरातीचे पैसे मिळवायची जी नवी पद्धत आली आहे, तिच्या नादाला इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय लागू नका. ते काम धरलं गेलं तर व्हिसावर येतं.

प्रवेश मिळाल्यावर, किंवा न मिळाल्यावर

बारावीचे मार्क घसरू देऊ नका. कॉलेजं शेवटचं ट्रान्सक्रिप्ट मागवतात आणि दिलेला प्रवेश काढून घेऊ शकतात. एलिजिबिलिटी सेंटरलाही ते पाठवावं लागतं.

अर्ली डिसिजनला नकार आला तर बाकीचे अर्ज तयार असले पाहिजेत, कारण बहुतेकांची मुदत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात असते आणि नाताळात काउन्सेलर सुट्टीवर असतात. डिव्हिजन ३ च्या काही कोचना डिसेंबरनंतरही जागा भरायच्या असतात, त्यांना पुन्हा ईमेल करायला लाजू नका. मोठ्या विद्यापीठात निव्वळ अभ्यासावर प्रवेश मिळाला तर तिथल्या क्लब टीमची चाचणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होते, काठी घेऊन जा. आणि प्रवेश पक्का झाला असेल तर ज्या ज्या कोचशी मुलगा बोलला त्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात दोन ओळींचा ईमेल जाऊ द्या. हे कोच एकमेकांना ओळखतात, आणि पुढच्या वर्षी त्याच शाळेचं दुसरं मूल त्यांना लिहिणार असतं.